भट्टीला थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) वायर कुठली घ्यायची?

भाऊ, घरच्या छोट्या मातीकामाच्या भट्टीला के टाइपच घे (क्रोमेल आणि अल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या दोन तारा), जे टाइप स्वस्त मिळाली तरी नको, त्यात लोखंडाची तार असते आणि एवढ्या उष्णतेत ती लवकर खराब होते. तारेवर आवरण म्हणून आतल्या भागाला सिरॅमिक मणी, भट्टीच्या बाहेर फायबरग्लास, टेफ्लॉन २०० डिग्रीच्या वर वापरूच नको. आणि कंट्रोलरपर्यंत (तापमान दाखवून भट्टी चालू-बंद करणारा डबा) वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडू नको रे बाबा, जोड गरम झाला की रीडिंग चुकतं, के टाइपचीच एक्स्टेंशन वायर लागते.

रंगाकडे नीट बघ, कारण अमेरिकन पद्धतीच्या के टाइपमध्ये पिवळी प्लस आणि लाल मायनस असते, आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. शंका आली तर चुंबक लाव, जी तार चिकटते ती अल्युमेल, म्हणजे मायनस.

आता लाइटचं. ३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टला साधारण १३ अँपियर ओढते, तिला २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वेगळी लाइन, १६ अँपियर सॉकेट, एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारी) आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी) हवीच, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. उघडं थर्मोकपल भट्टीच्या तापणाऱ्या कॉइलला टेकलं तर त्या बारीक तारेतूनही करंट बाहेर येतो! म्हणून हात लावायच्या आधी नुसतं बटण नाही, प्लगच काढ.