सोलापुरात घरी मित्रांसोबत व्हीट (गव्हाची, हलकी), आयपीए (कडवट) आणि स्टाउट (काळी, भाजक्या चवीची) अशा तीन क्राफ्ट बिअर चाखणार आहोत. क्रम कोणता ठेवावा आणि चव कशी सांगावी?

आधी व्हीट, मग आयपीए, शेवटी स्टाउट. कडू किंवा भाजकी चव जिभेवर रेंगाळते आणि नंतरची हलकी बिअर पाणचट लागते. चव सांगायची तर आधी वास घ्या, बरंचसं नाकालाच कळतं. जर्मन धाटणीच्या व्हीटमधला केळी-लवंगेचा वास यीस्टचा असतो, त्यात केळं घातलेलं नसतं! आयपीएतला संत्र्याच्या सालीचा वास हॉप्स या कडवट फुलांमुळे, स्टाउटमधला कॉफीचा वास भाजलेल्या बार्लीमुळे. उन्हाळा असला तरी बर्फासारखी गार करू नका, वास दबतो. स्टाउट साधारण १० ते १२ अंशांवर छान खुलते. मात्र शेंगा चटणीचा डबा चाखणं आटोपल्यावरच उघडा, कारण तिखटावर आयपीएचा कडूपणा आणि जिभेची आग दोन्ही वाढतात. मधे नुसती कडक भाकरी चालेल.