आधी अधिकार, मग रक्कम

तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. अडतीस पानं, त्यातली पंचवीस निवृत्तांच्या हलाखीची. आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने: ‘सर, आव्हान नक्की कुणाला द्यायचं? पीएफ कार्यालयाच्या पत्राला, पीएफच्या विश्वस्त मंडळाला की केंद्र सरकारला?’ अरे, हा प्रश्न पहिल्या पानावर हवा होता!

अधिकार कुठून आला ते आधी शोध. रक्कम नंतर.

ईपीएस-९५चंच घे, म्हणजे पीएफवाल्यांची १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना. योजना करायची आणि बदलायची ती केंद्र सरकारने. मंडळाने निधी सांभाळायचा. मंडळात कामगारांचे १० प्रतिनिधी, मालकांचे १०, बाकीचे केंद्राचे आणि राज्यांचे. त्या मंडळालासुद्धा योजना बदलता येत नाही, मग कार्यालयाने परिपत्रक काढून बदलायचा प्रश्नच कुठे येतो? तुझ्या अशिलाला आलेलं पत्र कोणत्या परिच्छेदाच्या जोरावर लिहिलंय, हे तुझ्या अडतीस पानांत एकदाही नाही.

१ सप्टेंबर २०१४ची दुरुस्ती आठव. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा ६,५००ची १५,००० झाली. पेन्शन शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या सरासरीवर गेली. आणि १५,०००च्या वरच्या पगारावर पेन्शन हवी असेल तर कर्मचाऱ्याने १.१६ टक्के पदरचे भरायचे. ४ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयात यातलं काय पडलं? १.१६ टक्के. साठ महिने टिकले, आणि खिशाला जास्त चिमटा त्यांचाच होता. पण चिमट्यावर निकाल लागत नसतो. कर्मचाऱ्याकडून ती वर्गणी घ्यायचा अधिकार १९५२च्या पीएफ कायद्यात नव्हता, म्हणून ती पडली. (पेढे वाटले होते लोकांनी. २०२३मध्ये सरकारने तेच १.१६ टक्के मालकाच्या १२ टक्क्यांतून वळते केले, म्हणजे आपल्याच पीएफात पडले असते ते.)

डी. एस. नाकारा खटल्याच्या, निवृत्तांना समान पेन्शन देणाऱ्या निकालाची सहा पानंही काढून टाक. मलाही तो १९८२चा निकाल पाठ आहे, तुझ्याइतकाच लाडका आहे. पण तो सरकारी तिजोरीतल्या पेन्शनचा; वर्गणीच्या निधीचा प्रश्न तिथे नव्हताच. रेल्वेचे पीएफवाले निवृत्त तोच निकाल घेऊन गेले आणि १९९०मध्ये हात हलवत परत आले.

मीही आलोय तसाच. माझी याचिका चाळीस पानांची होती, कामगार मागच्या बाकांवर बसलेले. न्यायमूर्तींनी एवढंच विचारलं, ‘कोणत्या कलमाचा भंग?’ मी पुन्हा हलाखीच सांगायला लागलो. याचिका फेटाळली. अपील उभं राहीपर्यंत त्यातले दोघे गेले. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता, कार्यालय कागद दाखवायचं नाही, चूक सगळी माझीच नव्हती. पण कायद्याचं पुस्तक तर टेबलावरच होतं.

त्यानंतर मी कोरडा झालो म्हणतात. असेन. पण मागच्या बाकावर बसलेल्यांना तुझ्या डोळ्यांतलं पाणी नकोय, हे तुला मी नाही तर कोण सांगणार?

म्हणून पुन्हा सांगतो, वैतागलास तरी चालेल: अधिकार आधी. पत्रावर सही कुणाची, त्याला तो अधिकार कुणी दिला, आणि देणाऱ्याला तरी होता का?

रविवारी सकाळी ये. योजनेच्या परिच्छेद ११वर, म्हणजे पेन्शनसाठी पगार कसा धरायचा ते सांगणाऱ्या, खुणा करून आण, आणि ते मूळ पत्र. मसुदा घरीच ठेव.