आयटीआय फिटर झालोय, जळगावात काम मिळत नाही. थेट पुणे गाठू का?

लगेच बॅग भरू नको भाऊ. मंदीत कायमस्वरूपी भरती आधी थांबते, पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. विद्यावेतन कमी, पण हात चालू राहतो. भुसावळ रेल्वेच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. (आधी पैसे मागणाऱ्या एजंटला दुरूनच रामराम.)

एमआयडीसीतले चटईवाले, पाइपवाले, डाळ मिलवाले बऱ्याचदा जाहिरात देतच नाहीत. मी सकाळच्या पाळीला गेटवरच सुपरवायझरला गाठलं. बायोडाटा त्यानं न वाचताच घडी करून खिशात घातला आणि विचारलं, “एक्स्ट्रुडरचा गिअरबॉक्स उघडलाय का कधी?” (एक्स्ट्रुडर म्हणजे प्लास्टिक वितळवून त्याला आकार देणारं मशीन.) उघडला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला.