गाडी शाबूत आहे, लॅपटॉप परत द्या

प्रश्न : मुलाला सीईटीत ९१ पर्सेंटाइल मिळाले. नागपुरातल्या एका खासगी कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळते आहे, कॉम्प्युटर नाही. पोट्ट्याला मोटारी हॅक करण्याचं वेड लागलंय. मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलेलं एक निळं सर्किट त्यानं आमच्या गाडीला जोडलं आणि एबीएस, स्टिअरिंग असे सगळे दिवे पेटले. सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावून ते घालवले. तेव्हापासून लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. भावाच्या मुलाला कॉम्प्युटरमधून चांगलं पॅकेज मिळालं, म्हणून यानेही ड्रॉप घ्यावा असं वाटतं. बर्डीवरचा एक क्लास ८५ हजारांत सहा महिन्यांत ‘एथिकल हॅकर’ करून देतो म्हणे. तो लावू का? — एक पालक, मानेवाडा

उत्तर : पत्रात पुतण्याचं पॅकेज आहे, क्लासची फी आहे. दिवे का पेटले हे तुम्ही मुलाला विचारल्याचं मात्र कुठे दिसत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलंत, मुलाला कुलूप दाखवलंत. पर्सेंटाइलपेक्षा मला ही गोष्ट जास्त खटकली.

तेव्हा आधी दिव्यांचंच बोलू. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे सर्व्हिस सेंटर स्कॅनर लावतं तिथे, ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारा येतात. इंजिन, एबीएस, मीटर हे सगळे याच तारांवर, बहुतेक गाड्यांत ५०० केबीपीएस वेगाने, एकमेकांशी बोलतात. तुमच्या वर्णनावरून ते निळं सर्किट एमसीपी२५१५ मॉड्यूल, म्हणजे कॅनवर बोलणारी चिप बसवलेलं कार्ड, असावं. त्यावर चिपला ठेका देणारा बहुधा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, पण अर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाच्या बऱ्याच लायब्ररी (तयार कोड) १६ मेगाहर्ट्झ धरून चालतात. ती सेटिंग बदलली नाही की वेग निम्मा, म्हणजे २५०. मग चिपला बसवरचा प्रत्येक संदेश चुकीचा वाटतो आणि ती एरर फ्रेम, म्हणजे ‘चूक’ असा इशारा, टाकून तो मोडते. बऱ्याच चुका मोजल्यावर चिप स्वतःच नमतं घेते, पण तेवढा गोंधळही पुरतो. एबीएस आणि मीटरला एकमेकांचं ऐकू येत नाही, दोघंही ‘संपर्क तुटला’ असा यू अक्षराने सुरू होणारा कोड नोंदवतात आणि दिवे पेटतात. दुसरी शक्यता मॉड्यूलवरच्या, १२० ओहमचा रोध जोडणाऱ्या जंपरची. बसच्या दोन्ही टोकांना तसे रोध आधीच असतात, म्हणून गाडी बंद असताना मल्टिमीटरवर ६० ओहम दिसतात. तिसरा जोडला की ४० होतात आणि सिग्नल पडतो.

जंपर काढा, क्रिस्टलची सेटिंग बरोबर करा आणि चिप ‘लिसन ओन्ली’ मोडमध्ये ठेवा, म्हणजे ती फक्त ऐकेल, बसवर काही टाकणार नाही. लॅपटॉप कपाटात नसता तर हे त्यानं एका संध्याकाळी शोधलं असतं.

आता ज्या समजापायी तुम्ही त्याचं एक वर्ष घालवायला निघालात, तो समज. मोटार हॅक करणं म्हणजे कॉम्प्युटरचं काम, म्हणून कॉम्प्युटर ब्रँचच हवी! २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी दुरून ताब्यात घेतली आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मोबाइल नेटवर्कवरून ते म्युझिक सिस्टिमपर्यंत पोचले, पण ब्रेकपर्यंत नाही, कारण ती सिस्टिम थेट कॅनवर बोलत नव्हती. मधल्या एका छोट्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) बदलून त्यांना कॅनवर संदेश टाकावे लागले. त्यापुढे काम सोपं झालं, कारण १९८६ मध्ये बॉशने मांडलेल्या कॅनमध्ये संदेश कोणी पाठवला हे तपासायची सोयच नाही. मायक्रोकंट्रोलर, सिग्नल, रेडिओ हे सगळं ईअँडटीसीत शिकवतात. प्रोग्रामिंग त्याला स्वतःहून वाढवावं लागेल, आणि ते तो करतोच आहे. मिलरची पीएचडी तर गणितातली.

ड्रॉप नको. क्लासही नको. सहा महिन्यांत वेबसाइट तपासायची तयार टूल्स चालवायला शिकवतील, कॅनचं नावही निघणार नाही. त्या ८५ हजारांतले पाचेक हजार त्याला द्या आणि सामान त्यालाच निवडू द्या.

इथून पुढे तुम्ही पत्र त्याच्या हातात द्या. बाळा, गाडीला पुन्हा हात लावण्याआधी लिनक्सवर व्हीकॅन (खोटी कॅन बस) आणि आयसीसिम टाक. खोटा डॅशबोर्ड येतो, हार्डवेअर काही लागत नाही. कॅनस्निफरने दार उघडण्याचा संदेश कुठला ते शोध, मग कॅनसेंडने तोच पाठव. नंतर दोन अर्डुइनो, दोन एमसीपी२५१५ आणि पीळ दिलेल्या दोन तारा घेऊन टेबलावर स्वतःची बस बांध. इथे मात्र दोन्ही जंपर लागलेले हवेत. भंगारातला मीटर कन्सोल मिळाला तर १२ व्होल्टवर तोही जोड. चालत्या गाडीत संदेश पाठवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीला परवानगीशिवाय हात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. हेतू लबाडीचा ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोकरीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. युरोपात संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ हा गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा नियम जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला, आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आहे. त्यामुळे धोके मोजणारी, ईसीयू (गाडीतले कंट्रोलर) तपासणारी माणसं कंपन्यांना लागतात. ही कामं मुख्यतः पुणे आणि बंगळूरला आहेत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात असं काम शोधत बसू नका. हिंगण्याला ट्रॅक्टर बनतात आणि नव्या मोठ्या ट्रॅक्टरमध्येही कॅनच असते, बहुधा जड वाहनांसाठीच्या जे१९३९ पद्धतीची. तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपसाठी तिथे विचारून पाहता येईल.

कॅप फेरीत मिळालेली जागा मुदतीत स्वीकारा. मुदत चुकली तर ती जागा हातची जाईल.