सिम्पसन्स पहिल्या भागापासून सुरू करू नकोस

सिम्पसन्स ही अमेरिकन कार्टून मालिका नव्याने बघणार असशील तर थेट तिसऱ्या सीझनपासून सुरुवात कर आणि आठव्यापर्यंत सलग बघ. मालिका १९८९ पासून चालू आहे, सगळी बघायचा हट्ट धरलास तर मध्येच कंटाळून सोडशील.

चौथ्या सीझनमधला १९९३ चा संपाचा भाग नीट बघ. बिअरच्या पिंपाच्या मोबदल्यात अणुवीज प्रकल्पातले कामगार दातांच्या उपचारांची सवलत सोडायला तयार होतात. सिम्पसन कुटुंबाचा बाप होमरही बिअरच्या रांगेत आहे. त्याच्या डोक्यात एकीकडे ती सवलत, दुसरीकडे मुलगी लिसाच्या दातांच्या तारा, असं आलटून पालटून घुमत राहतं आणि बऱ्याच वेळाने त्याची ट्यूब पेटते की सवलत गेली तर तारांचा खर्च त्यालाच करावा लागेल. हसू येतं, पण मुलीसाठी धडपडणारा बापही दिसतो. पुढे तो बाप हरवला, होमर नुसता आडदांड झाला. माझ्या मते घसरण पात्रं अशी हरवण्यात आहे, विनोद कमी होण्यात नाही. नवव्या सीझनमध्ये मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक स्किनर तोतया निघतो, तो भाग बघ म्हणजे पटेल.

‘फॅमिली गाय’ या दुसऱ्या कार्टून मालिकेचं दुखणं वेगळं. २००२ मध्ये बंद पडून २००५ मध्ये परतल्यावर मध्येच घुसणारे तुटक विनोद इतके वाढले की कथेला जागाच उरली नाही. साउथ पार्क हा तिसरा कार्टून शो मात्र बराच टिकला, कारण एकेक भाग साधारण सहा दिवसांत बनतो आणि विषय ताजा असतो. पण त्याचे जुने भाग बघताना त्या वेळच्या अमेरिकेतल्या बातम्या थोड्या चाळून घे.

आणि हो, किंग ऑफ द हिल ही कार्टून मालिकाही अजिबात चुकवू नकोस.