पहिली फेरी वेळेवर सुरू कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भावाच्या स्मरणार्थ बुद्धिबळ स्पर्धा घेते आहेस, हॉलही ठरलाय आणि पहिलं बक्षीस किती ठेवू एवढंच विचारतेस. पैशांचं नंतर बघू. आधी मी काय घोळ घातला होता ते ऐक.

दादा, माझा थोरला भाऊ, गेल्यावर पहिल्याच वर्षी मिरजेत मी त्याच्या नावाने स्पर्धा घेतली. फोटोला हार, समई, पाच वक्ते. शेवटच्या वक्त्याने तर दादाला कधी पाहिलंही नव्हतं. दहाची फेरी साडेअकराला सुरू झाली आणि तोवर तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं पटावर डोकं टेकून झोपलं होतं. दादा असता तर त्याने माईकची वायर काढली असती.

दादा एसटीत कंडक्टर. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा असल्या की त्याची रजा ठरलेली. एरवी तो आपणहून मुक्कामी गाडी मागून घ्यायचा. रात्री गावात गाडी लागली की पिशवीतून चुंबकाचा छोटा पट निघायचा. एका गावात देवळाच्या ओवरीत एक म्हातारबाबा देशी नियमांनी खेळायचे. प्यादं एकच घर चालणार, राजाने एकदा घोड्यासारखी उडी मारलेली चालणार. त्या बाबांनी दादाला प्यादेमात केली. वजिराने मात झाली तर ठीक, प्याद्याने झाली म्हणजे नाकच कापलं. पण ही हार दादा वर्षानुवर्षं कौतुकाने सांगायचा. 1997 साली प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले, विश्वनाथन आनंद आणि दिब्येंदु बारुआंनंतर भारतातले तिसरे, तेव्हा याने डेपोत पेढे वाटले. ठिपशांची आणि त्याची ओळख शून्य!

तर तुझी स्पर्धा. लोक तुला सांगतील, एका दिवसात सात फेऱ्या उरक. प्रत्येकाला 15 मिनिटं आणि चालीमागे 10 सेकंद. साठ चालींचा डाव धरला तर एकेकाला 25 मिनिटं, म्हणजे फेरी पन्नास मिनिटांची. स्विस पद्धतीने, म्हणजे कुणालाही बाद न करता सारख्या गुणांच्या जोड्या लावत, सात फेऱ्यांत सव्वाशे पोरं आरामात बसतात. हिशेब चोख आहे, पण तू तसं करू नकोस. अशा झटपट डावांत, म्हणजे रॅपिडमध्ये, चाली लिहायची सक्ती नसते. तीसेकच खेळाडू घे, दोन दिवस घे, फेऱ्या पाच. तासाभराचा वेळ आणि चालीमागे 30 सेकंद दे. डाव लिहिले गेले पाहिजेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

का, ते सांगतो. नियमाप्रमाणे स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, आयोजकांच्या मालकीची असते. खेळाडूकडे राहते ती खालची कार्बन प्रत. दादाच्या अशा निळ्या प्रती एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. तो गेल्यावर चार वर्षं मी डबा उघडला नाही. मग एका पावसाळ्यात पट मांडला आणि रोज एक डाव लावायला लागलो.

त्यात 1984 चा पुण्यातला एक डाव निघाला. पाचवी फेरी, दादा काळ्या सोंगट्यांनी. हा डाव तो हरला हे मला ठाऊक होतं, ‘घड्याळाने खाल्लं’ असं तो म्हणायचा. चालींच्या शेजारी वेळ लिहायची त्याला सवय होती. बाविसाव्या चालीला त्याचा 58 मिनिटं वेळ गेलेला, तेविसाव्याला 99. एका चालीला 41 मिनिटं! मी पटाकडे बघत बसलो. पांढऱ्याने घोडा मारलेला, याने प्याद्याने तो परत मारायचा, बस्स. दुसरी चालच नव्हती. शेंबडं पोरही ती दोन सेकंदांत खेळलं असतं.

मग वर लिहिलेल्या तारखेकडे लक्ष गेलं. त्या आठवड्यात मला टायफॉइड होता. दुपारी शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर आईला बोलवायला आला होता, ‘पुण्याहून थोरल्याचा ट्रंककॉल आहे, धाकट्याचा ताप उतरला का विचारतोय.’ तेव्हा ट्रंककॉल लावायचा म्हणजे पोस्टात जाऊन ताटकळत बसायचं. पंचांना सांगून, स्वतःचं घड्याळ चालू ठेवून तो गेला असणार. पुढच्या सतरा चाली त्याने घाईत मारल्या, अक्षरही तिरपं होत गेलंय, आणि छत्तिसाव्या चालीला हत्ती फुकट गेला. याबद्दल तो मला कधी एक अक्षर बोलला नाही.

म्हणून म्हणतो, आईला सांग, भावाच्या वह्या, सुटे कागद रद्दीत जाऊ देऊ नकोस. जिंकलेले डाव सगळेच दाखवतील. तू हरलेले आधी लाव. घाई नको. चाल लागत नसेल तर कागद मला पाठव. त्याचं उंटाचं ‘उ’ आणि हत्तीचं ‘ह’ एकसारखं दिसतं हे मला माहीत आहे, तीन वर्षं माझ्याकडे शिकायला होता.

बक्षिसाचं म्हणशील तर पहिलं बक्षीस जरा कमी ठेव आणि एक वेगळं ठेव, सगळ्यात सुंदर डावाला. हरलेल्याच्या डावालाही ते मिळू शकेल असं पत्रकात लिही. फोटो लाव, पण दाराशी. पोरांसमोर नको, त्यांना पटाकडे बघू दे. भाषण एकच, तुझं, दोन मिनिटांचं. आणि दहा म्हणजे दहाला घड्याळं सुरू.

कार्बन कागद हल्ली सहज मिळत नाहीत. माझ्याकडे अर्धी पेटी शिल्लक आहे, आदल्या दिवशी घेऊन येतो. पेनं मात्र तू आण, पोरं कधीच आणत नाहीत.

तुझा,
काका