बर्फ बघायला कर्ज काढावं का?

टिळकवाडी, बेळगावच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न: मिस्टर उद्यमबागेत मशीनशॉपला सुपरवायझर, मी पतसंस्थेत. दोघांचे मिळून हातात ९५ हजार, घराचा हप्ता २२ हजार. एक-एक लाखाच्या सात एफडी आहेत. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. पुढच्या वर्षी दहावी, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), म्हणून या डिसेंबरातच (२०२५) मुलांना बर्फ आणि स्कीइंग दाखवायचं आहे. आठ दिवसांच्या स्वित्झर्लंडचे टूरवाला चौघांचे ८ लाख ६० हजार सांगतोय. ६ लाख पर्सनल लोन १३ टक्क्यांनी, बाकी एफडी मोडून. जमेल का?

ताई, यंदा राहिलं तर पुढची तीन वर्षं निघणं होणार नाही, हे तुमचं म्हणणं पटतं. तेव्हा जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण स्वित्झर्लंड नको, आणि डिसेंबरही नको.

८ लाख ६० हजार हा आकडा पूर्ण नाही. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४३ हजार. त्या बेरजेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ घेतलेला आयकर, ४५,१५०. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजला हा दर होता. टूरवाल्याच्या हातात ९ लाख ४८ हजार गेले. व्हिसा त्यात धरलाय का विचारा. स्वित्झर्लंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. थोरलीला मोठ्यांचीच फी.

टीसीएस परत मिळतो, असं तुम्हाला सांगतील. खरं आहे, पण कधी? ज्यांच्या पगारातून टीडीएस कापला जातो, ते कंपनीला तसं कळवून तेवढी कपात कमी करून घेतात. तुम्हा दोघांचंही उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या आत, टीडीएसच नाही, मग कमी कशातून करणार? २०२६ च्या उन्हाळ्यानंतर रिटर्न भरायचं आणि रिफंडची वाट बघायची. तोवर ते ४५ हजार तुम्ही १३ टक्क्यांनी उचललेले.

६ लाखांचा तीन वर्षांचा हप्ता साधारण २०,२०० बसतो, एकूण व्याज सव्वा लाखाच्या वर. घराचा हप्ता धरून ४२ हजार, म्हणजे पगारातला ४४ टक्के. आणि हे कर्ज चालू असतानाच, जून २०२७ ला, पीयूसीची फी येणार. मंगळूर-उडुपीकडचं हॉस्टेलवालं कॉलेज डोक्यात असेल तर ती रक्कम लहान नसते.

त्याऐवजी कझाकस्तानातलं अल्माटी बघा. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शहरापासून तासाभरात मेदेउची बर्फावरची स्केटिंग रिंक, तिथूनच रोपवेच्या गोंडोल्याने शिम्बुलाकचा स्की उतार, २,२०० ते ३,२०० मीटर. नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, १० जानेवारीनंतर, सहा रात्री. माझा अंदाज असा: विमान चौघांचं १ लाख ६० हजार, बेळगावातून जाणं-येणं ३० हजार, दोन खोल्यांचं अपार्टमेंट ४२ हजार, जेवण ३६ हजार, स्कीइंग ४५ हजार, कपडे ३० हजार, विमा ६ हजार, टॅक्सी आणि हाताशी ३५ हजार. एकूण ३ लाख ८४ हजार. तिकीट आणि राहणं वेगवेगळं स्वतः बुक केलं तर ते पॅकेज ठरत नाही, पॅकेजवरचा टीसीएसही लागत नाही.

दिवाळीचा बोनस आणि तीन एफडी यांत हे बसतं, चार लाख जागेवर राहतात. मुदतीपूर्वी मोडली की जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचा व्याजदर मिळतो, त्यातून बहुधा एक टक्का दंड जातो. म्हणून दोन-तीन महिन्यांत संपणारी पावती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. आणि जो २० हजारांचा हप्ता भरायला तुम्ही तयारच होतात, तो फेब्रुवारीपासून आरडीत टाका. मे २०२७ पर्यंत १६ हप्ते, ३ लाख २० हजार आणि वर व्याज. पीयूसीची सोय झाली.

पैसे वाया जातात ते स्कीइंगवर. पहिल्या दिवशी पूर्ण डोंगराचा पास काढू नका. मुलं दोन तास खालच्या सपाट उतारावर शिकण्यातच दमतात. जाकीट, पँट, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं. इथून फक्त थर्मल, लोकरी मोजे आणि पाणी न शिरणारे हातमोजे घ्या. जीन्स आणि सुती मोजे ओले झाले की संपलं, पोरं अर्ध्या तासात रडायला लागतात. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. ते जोडून घेतल्याशिवाय पाय मोडला तर खर्च तुमचाच. कार्ड मशीन 'रुपयांत की टेंगेत' विचारेल, टेंगे म्हणजे तिथलं चलन, तेच निवडा. परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के जादा शुल्क, म्हणजे मार्कअप, लावणाऱ्या क्रेडिट कार्डवर त्या मार्कअपचा जीएसटी धरून लाखामागे ४,१३० जातात. बहुतेक फॉरेक्स कार्डांत (आधी परकीय चलन भरून वापरायच्या कार्डांत) टेंगे भरता येत नाही, म्हणून थोडे डॉलर रोख ठेवा.

पण त्याआधी मुलांचे जन्मदाखले काढून बघा. आपल्याकडे दाखल्यावर वडिलांच्या नावाची नुसती इनिशियल, आधारवर आडनाव आधी, शाळेत तिसरंच, असं सर्रास असतं. पासपोर्टला इनिशियल चालत नाही, पूर्ण नाव लागतं. ते जुळवून मगच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्या, आणि चारही पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नका.